शितावरून भाताची परीक्षा, पण कुठल्या शितावरून?

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण तोंडात इतकी बसली आहे, की तिच्या पोटात एक अट दडलेली आहे हे सहसा ध्यानात येत नाही. एक शीत चेपून अख्ख्या पातेल्याबद्दल बोलता येतं खरं, पण सगळी शितं एकाच रीतीनं शिजली असतील तरच. भरपूर आधणात तांदूळ वैरले, मधून मधून ढवळले आणि शिजल्यावर पाणी वेळून काढलं, तर ही अट आपोआप पाळली जाते. प्रत्येक दाण्याला सारखं पाणी, सारखी उष्णता. कुठलंही शीत उचला, खबर तीच.

पाणी मोजून, झाकण ठेवून केलेल्या भाताची गोष्ट निराळी. पाणी आटत आटत खाली जातं. तळाचे दाणे शेवटपर्यंत पाण्यात बसलेले असतात आणि वरचे शेवटची काही मिनिटं नुसत्या वाफेवर असतात. झाकण उघडून वरचं शीत चेपलं की मधोमध पांढरी कणी लागते. मग घाईनं अर्धी वाटी पाणी ओतलं जातं, आच वाढवली जाते, आणि वरचा भात सुधारेपर्यंत खालचा गिच्च होतो. तळ करपतो तो वेगळाच. बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं नसतं, ते सगळीकडे पोचलेलं नसतं. अशा वेळी कणी टाचणीच्या टोकाएवढी उरली असेल तर गॅस बंद करायचा, झाकण न उघडता दहा मिनिटं थांबायचं. तांदळातलं पिष्ट साधारण ६५ ते ७५ अंशांवर फुलतं, आणि गॅस बंद केल्यावरही पातेल्यातली उष्णता बराच वेळ त्याच्या वर असते. या दहा मिनिटांत तळाचा ओलावा वर चढतो. नंतर मधल्या थरातलं शीत घ्यायचं, ताटलीवर बोटानं चिरडायचं. एकसारखं पसरलं तर झालं. तरीही ठिपका दिसला तर दोन चमचे गरम पाणी शिंपडून अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं.

पाण्याच्या प्रमाणाबद्दलही असाच गैरसमज आहे. एका वाटीला दीड वाटी पाणी पुरलं म्हणून चार वाट्यांना सहा वाट्या, हा हिशेब शाळेतला, पातेल्यातला नव्हे. दाणे स्वतःत साधारण आपल्या मापाइतकंच पाणी घेतात. वरची अर्धी वाटी वाफ होऊन उडते, आणि किती उडणार हे पातेल्याच्या तोंडावर, झाकणाच्या घट्टपणावर आणि वेळेवर ठरतं, तांदळावर नाही. म्हणून तेच पातेलं आणि तेच झाकण असेल तर चार वाट्यांना साडेचार-पाच वाट्या पुरतात. पंगतीचा भात गोळा होतो तो त्रैराशिकामुळे. (हातसडीच्या तांदळाला शिजायला जास्त वेळ लागतो, म्हणून वाफेसाठीचं पाणीही जास्त. दाणा फार अधाशी असतो असं नाही.)

तेव्हा म्हण खोटी नाही. शीत कुठून घेतलं, केव्हा घेतलं आणि किती घेतली, एवढं मात्र ती सांगत नाही. ते चाखणाऱ्यानं ठरवायचं.

कडधान्यांपाशी आलं की 'किती' हा प्रश्न टाळताच येत नाही. राजम्याच्या एकाच पिशवीत नवे-जुने दाणे असतात, काहींचं साल जाड, काही भिजतच नाहीत. एक दाणा बोटचेपा लागला म्हणून गॅस बंद केला तर जेवताना दर चौथ्या घासाला खडा लागतो. जाणते स्वयंपाकी पातेल्याच्या वेगवेगळ्या भागांतून पाच दाणे काढतात आणि पाचही मऊ लागले तरच थांबतात. चार मऊ आणि एक कडक म्हणजे अजून दहा-पंधरा मिनिटं. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काही दाणे मऊ झाल्याशिवाय घालायचं नाही. आंबटपणामुळे दाण्याच्या पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळत नाही, आणि मग तासभर उकळलं तरी दाणा आहे तसाच राहतो. खाण्याचा सोडा घातला तर मऊ पडतो, पण थायामिन हे जीवनसत्त्व मरतं आणि चवही साबणासारखी होते.

राजम्यात आणखी एक खोच आहे. कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं, त्यानं दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. दाणे निदान पाच तास भिजवायचे, ते पाणी फेकायचं, आणि नव्या पाण्यात खळखळून उकळी आल्यावर किमान दहा मिनिटं तशीच राहू द्यायची. अर्धा तास राहू दिली तर उत्तमच. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात ८० अंशांच्या आसपास दाणा हळूहळू मऊ होतो, पण विष जात नाही, उलट वाढू शकतं. मऊपणा आणि निर्धोकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोट फक्त पहिलीच ओळखतं.

मिठाचं थोडक्यात सांगतो. एक लिटर सुपाला आठ ते दहा ग्रॅम मीठ बहुतेकांच्या जिभेला बरोबर लागतं, म्हणजे बारीक मिठाचे सपाट दीड ते पावणेदोन छोटे चमचे. दीड लिटर असताना चव बरोबर लावली आणि नंतर ते आटून लिटरभर झालं, तर खारटपणा दीडपट. जीभ चुकत नाही, वेळ चुकते. शिवाय कढत घासात मीठ कमी जाणवतं. म्हणून सुरुवातीला पाऊण मीठ, उरलेलं आटवून झाल्यावर, आणि चव घ्यायची ती चमच्यात फुंकून कोमट झालेल्या घासाची. खारट झालंच तर बटाटा टाकून काही होत नाही. तो मीठ शोषतो तसं पाणीही शोषतो, उरलेलं तितकंच खारट राहतं. पाणी किंवा बिनमिठाचा ऐवज वाढवणं एवढाच इलाज.

आता नोकरभरती. मुलाखतीच्या खोलीत पाऊण तास समोर बसलेला माणूस हे वरच्या थरातलं शीत असतं, आणि तेही मुद्दाम वर आणून ठेवलेलं. उमेदवारानं इस्त्रीचे कपडे घातलेले असतात, उत्तरं घोकलेली असतात. त्यात काही गैर नाही. गैर हे, की मुलाखत घेणारा त्या एका शितावरून पुढच्या पाच वर्षांच्या भाताची ग्वाही देतो आणि त्याला 'माझी माणसाची पारख' असं नाव देतो.

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० साली एक गोष्ट दाखवून दिली. लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे गुण देत होते, पण ते गुण एकमेकांशी नको तितके जुळत होते. जो एका बाबतीत आवडला तो सगळ्याच बाबतींत वर. मुलाखतीत हेच घडतं. सफाईदार बोलणाऱ्याच्या खात्यावर नेटकेपणा, चिकाटी आणि प्रामाणिकपणाही जमा होतो, यातलं काहीही दिसलेलं नसताना. आणि क्रमाचाही खेळ असतो. दोन अगदीच कच्च्या उमेदवारांनंतर आलेला बेताचा माणूस हिरा वाटतो.

हे टाळायला जुनी, कंटाळवाणी आणि खात्रीची रीत आहे. मुलाखतीच्या आधी त्या कामातली पाच-सहा कौशल्यं कागदावर लिहायची. 'हुशार हवा' हे कौशल्य नव्हे. 'चिडलेल्या ग्राहकाचा फोन घेऊन दहा मिनिटांत नेमकी तक्रार लिहून काढता आली पाहिजे' हे कौशल्य. त्या यादीतलं जे तीन महिन्यांत शिकवता येईल ते खोडायचं, कारण त्यासाठी कुणाला नाकारण्यात अर्थ नाही. उरलेल्या प्रत्येकावर एक-दोन प्रश्न बेतायचे, आणि तेच प्रश्न, त्याच क्रमानं, प्रत्येक उमेदवाराला. गुण १ ते ५. पण १ म्हणजे काय, ३ म्हणजे काय आणि ५ म्हणजे काय हे आधीच एकेका वाक्यात लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर एकाचे तीन म्हणजे दुसऱ्याचे चार. मुलाखत घेणारे तिघं असतील तर तिघांनी एकमेकांशी बोलण्याआधी आपापले गुण लिहून बंद करायचे. साहेबांनी दारातच 'मुलगा चांगला वाटला' म्हटलं, की तीन शितांचं एक शीत होतं.

प्रश्न घडलेल्या गोष्टींबद्दल विचारावेत. 'दबावाखाली कसं काम करता?' याला सगळे 'शांतपणे' असंच म्हणणार. 'ठरलेल्या तारखेला काम होणार नाही हे गेल्या वर्षभरात केव्हा लक्षात आलं? कुणाला सांगितलंत, किती दिवस आधी, काय शब्दांत?' असं विचारलं की तपशील असलेला आणि नसलेला ओळखू येतो. 'आम्ही केलं' असं उत्तर आलं तर 'त्यात तुमच्या हातचं काय होतं?' एवढं शांतपणे विचारावं. हा सापळा मात्र नव्हे. पुष्कळ भली माणसं सवयीनं 'आम्ही' म्हणतात आणि विचारल्यावर नेमकं सांगतात. 'तुमची सर्वांत मोठी उणीव कोणती?' हा प्रश्न कायमचा निवृत्त करावा. 'मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो' हे उत्तर ऐकून आजवर कुणाला काही कळलेलं नाही.

मुलाखतीच्या जोडीला आणखी एक शीत म्हणजे कामाचा तुकडा. लेखनिक हवा असेल तर विस्कळीत टिपणांचं एक पान द्यावं आणि त्यातून एक पत्र लिहून घ्यावं. हिशेबनीस हवा असेल तर तीन चुका पेरलेला तक्ता. वेळ तासाभराचा, फार तर दीड तासाचा. त्याहून मोठं काम द्यायचं तर त्याचे पैसे द्यावेत. चालू कामाचा तुकडा फुकटात करून घेणं ही परीक्षा नव्हे, उचलेगिरी आहे. हा तुकडा आधी आपल्याकडच्याच दोन माणसांना सोडवायला द्यावा. तासाभराचं म्हणून दिलेलं काम त्यांना दोन तास लागलं तर चूक प्रश्नपत्रिकेत आहे. तपासताना नावं झाकून, नुसत्या क्रमांकांवर तपासावं, आणि एकेका उमेदवाराचा पूर्ण कागद वाचत जाण्याऐवजी सगळ्यांचं पहिलं उत्तर, मग सगळ्यांचं दुसरं, असं तपासावं. पहिल्या उत्तराचं तेज दुसऱ्यावर पडत नाही.

या सगळ्याचा उपयोग किती? १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन निवडीच्या पद्धती आणि नंतरची कामगिरी यांचा मेळ मोजला होता. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या एका सांख्यिकी दुरुस्तीवर बोट ठेवून आकडे पुन्हा मांडले. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही आणि एक म्हणजे तंतोतंत, अशा मापावर ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२, कामाचा तुकडा ०.३३ आणि गप्पांसारखी मोकळी मुलाखत ०.१९. नुसती अनुभवाची वर्षं याच्याही खाली. दोन गोष्टी यातून दिसतात. शिस्तीनं घेतलेली मुलाखत गप्पांच्या दुप्पट बरी आहे, आणि तीसुद्धा एकापासून बरीच लांब आहे. जुने आकडे फुगले होते ते का, हे जास्त मजेशीर आहे. निवड झालेल्यांचंच काम नंतर मोजता येतं, नाकारलेल्यांचं नाही, म्हणून संशोधक त्या अदृश्य भागासाठी अंदाजानं आकडा वाढवत होते, आणि जरा जास्तच वाढवत होते. ज्याला घरी पाठवलं तो पुढे कसा निघाला असता हे आपल्याला कधीच कळत नाही. आपली पारख अचूक आहे असं वाटण्याचं निम्मं कारण हेच आहे.

जुन्या ठिकाणी चौकशी करायची तर 'कसा आहे माणूस?' असं विचारू नये. उत्तर 'चांगला' असंच येतं. 'त्यांना पुन्हा कामावर घ्याल का?' आणि 'पहिल्या तीन महिन्यांत आम्ही त्यांना कशात मदत करावी?' हे दोन प्रश्न पुरतात. पहिल्याच्या उत्तरातला विराम ऐकावा. बायोडेटात वर्ष-दीड वर्षाची खिंड दिसली तर ती आजारपणाची, घरच्या शुश्रूषेची किंवा आणखी कसली असेल. आजार विचारू नये. जे काम आहे ते होईल का, आणि ते करता यावं म्हणून आमच्याकडून काय लागेल, एवढं सगळ्यांनाच विचारावं. खिंड असणाऱ्याला वेगळं नाही.

आजारातून उठणं या विषयावर मराठीत एक चपखल म्हण आहे: आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो. ती सगळ्यांना ठाऊक असते आणि पहिल्या चांगल्या सकाळी सगळे ती विसरतात. ताप उतरून तीन दिवस झालेले असतात, तोंडाला चव आलेली असते, अंगात तरतरी वाटते. त्या एका शितावरून भात झाला असं ठरतं. कपाट आवरलं जातं, साचलेले फोन केले जातात, बाजार होतो. संध्याकाळपर्यंत काहीच दुखत नाही. मग परवा सकाळी उठवत नाही, आणि 'आता नवीन काय झालं' म्हणून शोधाशोध सुरू होते.

नवीन काही झालेलं नसतं. विषाणूच्या आजारानंतर काही जणांना श्रमाची शिक्षा उशिरा मिळते, बहुधा १२ ते ४८ तासांनी. म्हणजे आज जे केलं ते झेपलं की नाही हे आज कळतच नाही. 'कसं वाटतंय?' या प्रश्नाचं श्रम करतानाचं उत्तर हे उकळत्या पातेल्यातल्या घासासारखं असतं, मीठ कमीच लागणार. यावर वहीसारखा उपाय नाही. रोज तीन ओळी: किती चाललो (मिनिटांत), डोक्याचं काम किती (हेही मिनिटांत, फोनवरचं बोलणं धरून), झोप किती. शेजारी एक रिकामा रकाना ठेवायचा आणि तो दोन दिवसांनी भरायचा. सोमवारच्या श्रमाचा निकाल बुधवारी लिहायचा. दहा-बारा दिवसांत एक आकडा दिसू लागतो. समजा २० मिनिटं चालून बुधवार ठीक जातो आणि ३५ मिनिटांनी बिघडतो, तर १५ मिनिटांवर यायचं आणि तिथे आठवडाभर थांबायचं. मग दोन-तीन मिनिटांनी वाढवायचं. चांगल्या दिवशीही तेवढंच, वाईट दिवशी कमी. चांगल्या दिवशी हात राखणं हेच अवघड, कारण तेव्हा राखण्यासारखं काही वाटत नाही.

याच्या उलट टोकाला पडून राहणं आहे, आणि तेही फुकट नसतं. १९६६ साली डॅलसमध्ये पाच धडधाकट, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरली. ३० वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा तीन आठवड्यांच्या झोपण्यानं जेवढी घट झाली होती तेवढी ३० वर्षांच्या वयानंही झालेली नव्हती. म्हातारपणी हे आणखी महाग पडतं. दहा दिवस पडून राहिलं तर पायांचं मांस किलोभर उतरू शकतं. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दुखण्यातही दर दोन-तीन तासांनी उठून बसणं, पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून थांबणं आणि मगच उभं राहणं, एवढं तरी व्हावं. ते एक मिनिट चुकवलं की भोवळ येते, आणि अशक्त माणसाला आजारापेक्षा पडण्याची भीती जास्त.

पायांतली ताकद मोजायला साधी रीत आहे. हात नसलेली खुर्ची, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजायचं. आठवड्यातून एकदाच, ठरावीक वेळी. रोज मोजलं तर आकड्याशी भांडण सुरू होतं. सकाळी उठण्याआधी मिनिटभर नाडी मोजणंही कामाचं. नेहमीपेक्षा दहानं वर असेल तर तो दिवस आरामाचा, हा एक व्यवहारी आडाखा आहे. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, ताप परत येणं या गोष्टी वहीत लिहिण्याच्या नव्हेत, डॉक्टरांकडे नेण्याच्या आहेत.

आणि खाणं. ताप एक अंश सेल्सिअसनं चढला की शरीराचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, त्याच वेळी भूक मेलेली असते. घाटा पडतो तो बराचसा स्नायूंतून भरला जातो. वयस्क माणसाला आजारात आणि नंतर वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे गणित डॉक्टरांनीच करायचं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, ५० ग्रॅम कोरड्या डाळीत बाराच्या आसपास. बेरीज करून पाहिली की लक्षात येतं, नुसत्या पातळ पेजेवर आजारी माणूस उठत नाही. पेज पचायला हलकी हे खरं, पण ती बहुतांश पाणी आणि पिष्ट. तीच पेज शिजताना त्यात मूठभर धुतलेली डाळ टाकली किंवा उतरवताना एक अंडं फेटून धारेनं सोडलं, तर ताटली तीच, काम दुप्पट.

चव गेलेली असते तेव्हा मीठ-तिखट वाढवत नेण्यापेक्षा तापमान सांभाळावं. नाक चोंदलेलं असेल तर गरम पदार्थाचा वास थोडा तरी पोचतो. मळमळत असेल तर उलट, गार किंवा कोमट द्यावं, कारण वास कमी सुटतो. फोडणीचा धूर खोलीपर्यंत जाऊ देऊ नये. भरलेलं ताट समोर ठेवू नये. भूक नसलेल्याला ते ओझं वाटतं. छोटी वाटी, दर दोन-अडीच तासांनी. पाच दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काही गेलं नसेल, तर 'आता भरपूर खा' हा प्रेमाचा आग्रह घातक ठरू शकतो. एकदम भरपेट खाल्लं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पहिले दोन दिवस नेहमीच्या निम्म्यापर्यंतच, आणि उपासमार त्याहून लांबली असेल तर डॉक्टरांच्या नजरेखाली.

जुलाबानंतरचं साखर-मिठाचं पाणी हा घरातला असा पदार्थ, ज्यात अंदाज चालत नाही. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, म्हणून दोन्ही लागतात. 'ताकद येईल' म्हणून साखर वाढवली तर ती पाणी उलट आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ वाढलं तर लहान मुलाला अपाय होतो. तयार पाकीट मिळालं तर तेच उत्तम. ते लिटरभर पाण्याचं असेल तर अख्ख्या लिटरमध्येच घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात, असं करू नये.

मग कामावर परतण्याचा दिवस येतो. साहेब विचारतात, 'कसं वाटतंय?' परतलेला म्हणतो, 'एकदम बरं.' दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही, कारण शीत पहिल्या तासातलं असतं. त्यापेक्षा परतण्याआधीच वेळापत्रक ठरवावं. पहिला आठवडा निम्मे तास, दुसरा दोन तृतीयांश, आणि पूर्ण वेळ तिसऱ्या आठवड्यानंतर, जमल्यास. सुट्टी आठवड्याच्या मध्यावर ठेवावी, म्हणजे सोमवार-मंगळवारचा निकाल बुधवारी घरी लागतो, कचेरीत नाही. बैठका सुरुवातीला अर्ध्या तासाच्या वर नकोत. टंकलेखनानं माणूस जितका थकत नाही तितका सहा जणांचं बोलणं ऐकून थकतो, हे निरोगी माणसांना पटायला वेळ लागतो. आणि आढावा दर शुक्रवारी घ्यावा, तोही 'बरं आहे ना?' असा नव्हे. या आठवड्यात कोणतं काम मध्येच सोडावं लागलं, दुपारी किती वाजता लक्ष लागेनासं झालं, गेल्या शनिवारी किती वेळ झोपलात, हे विचारावं. नव्या माणसाच्या प्रोबेशनमध्येही असेच प्रश्न उपयोगी पडतात, तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी. पहिल्या आठवड्यातला उत्साह आणि पहिल्या आठवड्यातला गोंधळ, दोन्ही वरच्या थरातलेच.

स्वयंपाकघरात परतणं कचेरीपेक्षा जड असतं, आणि त्याला कुणी वेळापत्रक लावत नाही. तीन लिटर पाण्याचं पातेलं भांड्यासकट चार किलोंच्या घरात जातं, ते उचलून ओतताना मनगट लटपटतं. दीड-दीड लिटरची दोन भांडी घ्यावीत, किंवा भांडं जागेवर ठेवून पेल्यानं पाणी भरावं. चिरणं, निवडणं, सोलणं बसून. उभं राहायचं ते फक्त गॅससमोर, दहा-दहा मिनिटं. एका वेळी दुप्पट करून अर्धं ठेवून द्यावं, म्हणजे उद्याचा दिवस मोकळा.

पण ठेवायचं ते भात असेल तर घड्याळ लावून. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत ओट्यावर चार तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि असं विष करतात जे पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. म्हणून भात पातेल्यात झाकून निवत ठेवायचा नाही. पसरट ताटात मोकळा करायचा, तासाभरात फ्रिजमध्ये जाईल असं पाहायचं, दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत गरम करून संपवायचा, आणि एकदाच गरम करायचा. या विषाला ना वास, ना चव. शीत चाखलं तर छान मऊ लागतं, कणी नाही, मीठ बरोबर. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून तीवर वार आणि वेळ लिहिलेली असली, तरच काय ते कळतं.